आडोसा, पाणी आणि एक दिवस

या अंकाचं संपादकीय बाईच्या पाळीवर आहे. ज्याला लाज वाटत असेल त्यानं खुशाल पान उलटावं. पण उलटण्याआधी आज सकाळच्या चहात आपण साखर किती चमचे घातली तेवढं आठवावं. त्या साखरेचा आणि या रक्ताचा संबंध आहे, आणि तोच आम्हाला इथं मांडायचा आहे.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जालना जिल्ह्यातल्या वस्त्या उठतात. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड. गावकुसाबाहेरचे वाडे, तांडे, पालं. मुकादमाची उचल आधीच घेऊन खाल्लेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पिठाचा डबा, एखादी शेळी आणि लेकरं टाकायची. मग सोलापूर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, नाहीतर सरळ कर्नाटकात बेळगाव. पाच-सहा महिने तिकडं. पट्टा पडला की परत. राज्यात अशी ऊस तोडायला जाणारी माणसं आठ-दहा लाखांच्या घरात असल्याचं सांगतात. त्यात निम्म्या बाया.

सरकारच्या वहीत या बाया बेघर नाहीत. का? तर गावात चार पत्रे आहेत आणि रेशन कार्डावर पत्ता आहे. २०११ च्या जनगणनेनं देशात सतरा लाख त्र्याहत्तर हजार बेघर माणसं मोजली. त्यातली दोन लाखांवर आपल्या महाराष्ट्रातली. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. फलाटावर, पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर, रस्त्याच्या कडेला झोपलेली माणसं त्या रात्री मोजली गेली. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. त्या रात्री लाखो माणसं तळावर कोपीत झोपलेली होती.

ज्याला कोपी माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. चार बांबू रोवायचे, वाकवून बांधायचे, वर पाचट नाहीतर प्लास्टिकचा कागद. वाकून आत शिरायचं, वाकूनच बाहेर यायचं. दार नाही, न्हाणी नाही, संडास नाही, नळ नाही, दिवा नाही. याला घर म्हणायचं असेल तर कोंबडीच्या खुराड्याला बंगला म्हणा. आम्ही कोपीतल्या बाईला बेघरच म्हणतो. वर्षातले सहा महिने बेघर. पालावरची भटकी बाई आणि मुंबईच्या फूटपाथवरची बाई बारा महिने बेघर. अंगाला यातला फरक कळत नाही. पाळी काही पत्ता विचारून येत नाही.

आता साधा हिशोब करू. घरातल्या बाईला पाळी आली तर तिला काय लागतं? एक फडकं नाहीतर पॅड. ते बदलायला आडोसा. धुवायला पाणी आणि साबण. वाळवायला ऊन. टाकायचं असेल तर टाकायला जागा. आणि कंबर फुटायला लागली तर घटकाभर पाठ टेकायची मुभा. संपलं. एवढ्यावर राजवाड्यातलीचंही भागतं आणि झोपडीतलीचंही भागतं. यातलं फडकं सोडलं तर कोपीतल्या बाईजवळ काय आहे?

ती पहाटे चारला उठते. भाकरी थापते, लेकराला पाजते आणि दिवस उगवायच्या आत फडात हजर होते. नवरा तोडत पुढं जातो. ही पाचट सोलते, वाढं छाटते, मोळी बांधते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. गाडी कधी येईल त्याचा नेम नाही. रात्री दहाला आली तर दहाला भरायची. मध्ये फडकं बदलायचं झालं तर ती जाणार कुठं? फडातच, उसाच्या सरीत. पण ऊस तर ती तोडत चालली आहे. सकाळी जो आडोसा होता तो दुपारपर्यंत तिनंच आपल्या हातानं तोडून, मोळ्या बांधून ट्रकात भरून दिलेला असतो. मागं उरतं मोकळं रान. आणि त्या रानात टोळीतले पुरुष, मळ्याचा मालक, ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर.

मग ती बदलतच नाही. पहाटेचं फडकं रात्रीपर्यंत. ते भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं, कडक होतं, मांड्या सोलून काढतं. लघवीला जायला जागा नाही म्हणून ती पाणीच पीत नाही. पाणी पीत नाही म्हणून लघवीला आग होते. रात्री तळावर आल्यावर पाणी हंड्यानं आणायचं असतं, कुणाच्या तरी मोटारीवरून, मालकाची मर्जी असली तर. आपल्या जातीची असेल तर मर्जी आणखी लांब. त्या दोन हंड्यांतलं पहिलं पाणी प्यायला, मग स्वयंपाकाला, मग लेकराला. उरलंच तर फडक्याला. धुतलेलं फडकं उन्हात टाकायची चोरी, कुणी बघितलं म्हणजे! म्हणून ते दुसऱ्या लुगड्याखाली घालायचं, नाहीतर कोपीच्या पाचटात खोचायचं. तिथं ते दमट राहतं. दमट फडक्यात जंतू वाढतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच अंगाला. डॉक्टर त्याला इन्फेक्शन म्हणतो. बाया म्हणतात, अंगावरून जातंय.

कुणी म्हणेल, पॅड वापरावं. शहरातल्या बायांनी आणि सिनेमानं हे फार शिकवलं. पॅड चांगलंच आहे, आमचं भांडण पॅडशी नाही. पण ते बदलायलाही आडोसा लागतो. हात धुवायला पाणी लागतं. वापरलेलं टाकायला जागा लागते. मातीत पुरलं तर कुत्री उकरून तळभर फिरवतात आणि मग दिवसभर मान वर करायची सोय राहत नाही. पॅड हातात दिलं आणि जागा दिली नाही, तर बाईची अडचण तशीच राहते, फक्त फोटो काढणाऱ्याचं काम होतं.

आम्ही गोदीत हमाली करतो. कधी साखरेचीही पोती येतात. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेताना ही कुणाच्या घामाची ते आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. हमालाला लघवी लागली तर भिंतीकडं तोंड केलं की काम झालं. त्याच भिंतीच्या पलीकडं फूटपाथवर जी बाई संसार मांडून बसली आहे ती मात्र अंधार पडायची वाट बघते. पैसे मोजून संडासात जायचं तर दिवसातून तीन-चार वेळा पैसे कुठून आणायचे? पाळीत तर जास्तच वेळा जावं लागतं. २०११ साली मुंबईत बायांनी 'राईट टू पी' नावाची मोहीम सुरू केली ती याचसाठी. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे, हा कुठला न्याय? त्याआधी १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फूटपाथवरच्या माणसाच्या जगण्याच्या हक्कात पोटापाण्याचा हक्क येतो. निकाल गाजला. पण नोटीस देऊन झोपड्या हटवायची मोकळीकही त्याच निकालानं दिली. पोट मान्य झालं, आडोसा मान्य झाला नाही. फूटपाथपासून फडापर्यंत गोष्ट एकच.

पण फडातल्या बाईच्या गळ्यात आणखी एक फास आहे. त्याचं नाव खाडा.

नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, चार हात, हिशोबाला एक कोयता. एकटं माणूस असलं तर अर्धा कोयता. म्हणजे माणूस मोजतच नाहीत, लोखंड मोजतात. मजुरी टनावर. उचल नवऱ्याच्या अंगठ्यावर. एक दिवस कुणी बसलं की खाडा लागतो आणि दंड कापला जातो. दिवसाला पाचशे रुपये कापल्याच्या हकीकती २०१९ साली देशभर छापून आल्या. आता बोटं मोजा. पाळीत महिन्याला दोन दिवस जरी बाई टेकली तरी हजार रुपये. सहा महिन्यांचे सहा हजार. वर त्या दिवसाचा ऊस तुटला नाही तो तोटा वेगळा. मुकादमाच्या वहीत बाईची पाळी ही अशी खर्चाच्या बाजूला लिहिलेली असते. ज्या धंद्यात पाळी हा तोटा होतो, त्या धंद्यात गर्भपिशवी हा तोट्याचा अवयव होतो.

आणि तोट्याची वस्तू काढून टाकतात.

अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जाते. तिथं सोनोग्राफी होते आणि तिला सांगतात, पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल. दोन-तीन लेकरं झालेली आहेत, नसबंदी झालेली आहे. तिशी अजून उलटलेली नसते. ती विचार करते, पाळीची कटकट गेली, खाडा गेला, कॅन्सरचं भ्या गेलं. ऑपरेशनचे पैसे कोण देतो? मुकादम देतो. उचलीत धरून.

२०१९ च्या जून महिन्यात विधान परिषदेत सरकारनंच सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायांची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. सरकारच्याच २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात तीनसुद्धा नव्हतं. आता कुणी सांगावं की ऊस तोडणाऱ्या बाईची पिशवी जन्मतःच नासकी असते काय? पिशवी नासत नाही. ती ज्या तळावर राहते तो तळ नासका आहे.

पिशवी काढल्यावर सुख लागतं असंही नाही. कंबर धरते, सांधे धरतात. सोबत अंडाशयही काढलं असेल तर पस्तिशीत म्हातारपण येतं, हाडं ठिसूळ होतात, अंगातून गरम वाफा निघतात. ऑपरेशननंतर विसावा पाहिजे, पण उचल अंगावर असते, म्हणून पुढच्या हंगामात पुन्हा तीच मोळी डोक्यावर. पिशवी गेली, उचल फिटली नाही. उलट वाढली.

त्या पाहणीनंतर बीडमध्ये नियम आला. खाजगी दवाखान्यानं पिशवी काढायची तर जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी पाहिजे. चांगलं झालं. कसायाचा सुरा थोडा तरी अडला. पण दोन गोष्टी बघा. एक, ती मोजणी बीडची होती. गोदावरीच्या त्या अंगाला गेवराई, या अंगाला आपलं अंबड आणि घनसावंगी. नदी ओलांडली म्हणून ऊस हलका होत नाही की फडकं कोरडं होत नाही. त्या मोजणीत आपल्या माया-बहिणी नव्हत्या. दोन, नियमानं ऑपरेशन अडतं, पण ज्या कारणानं बाई दवाखान्याची पायरी चढली ते कारण जागच्या जागी राहतं. पिशवी काढू देणार नाही, पाणीही देणार नाही, आडोसाही देणार नाही, खाडाही सोडणार नाही. मग बाईनं नेमकं करायचं काय?

योजना नाहीत असं नाही. योजनांचा नुसता पाऊस आहे. २०११ पासून केंद्र सरकारनं आशाताईंच्या हातून किशोरवयीन पोरींना सहा रुपयांत सहा पॅड द्यायला सुरुवात केली. २०१८ साली महिला दिनाला आपल्या राज्यानं अस्मिता योजना काढली, झेडपीच्या शाळेतल्या पोरींना पाच रुपयांत आठ. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा बारा टक्के जीएसटी उठला. २०१९ पासून जनऔषधी दुकानात एक रुपयाला एक. हे सगळं कुणासाठी? जी गावात आहे तिच्यासाठी. जी शाळेत आहे तिच्यासाठी. जिच्या गल्लीत दुकान आहे तिच्यासाठी. आपली तेरा वर्षांची पोरगी दिवाळीला शाळेतून उठली आणि आईमागं ट्रॉलीत बसली, की तिचं शाळेतलं पॅड शाळेतच राहतं. पहिली पाळी फडात येते. तिची आई तर किशोरीही नाही आणि विद्यार्थिनीही नाही. ती कोयता आहे. कोयत्याला पाळी येते हे कुठल्याही जीआरमध्ये लिहिलेलं नाही.

शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना २०१३ सालची. सुप्रीम कोर्टानं कान पिळले म्हणून आली. लाख वस्तीमागं शंभर माणसांची सोय करायची, त्यात पाणी आणि संडास पाहिजेत, असं त्यात लिहिलं आहे. जालना शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत २,८५,५७७ होती. त्या मापानं जालन्यात पावणेतीनशेच्या वर माणसांचा निवारा पाहिजे आणि त्यात बायांची वेगळी सोय पाहिजे. ज्यानं-त्यानं आपल्या शहरात जाऊन मोजून यावं, खाटा किती आणि बायांच्या संडासाला आतून कडी आहे की नाही. आणि ही योजना शहरापुरती. उसाचा तळ शहरात नसतो.

कायद्याचंही असंच. १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट सांगत आला की कारखान्यात बायांसाठी वेगळे, बंदिस्त संडास पाहिजेत. साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत हे चालतं. ज्या उसावर कारखान्याचं धुराडं पेटतं तो ऊस तोडणारी बाई मात्र फाटकाच्या बाहेर. कारखाना म्हणतो ती माझी कामगार नाही, मुकादमाची आहे. मुकादम म्हणतो मी नुसता मधला माणूस. म्हणजे गव्हाणीत मोळी पडेपर्यंत ऊस कारखान्याचा, आणि मोळी बांधणारी कुणाचीच नाही.

१९७९ साली स्थलांतरित मजुरांचा कायदा झाला. ठेकेदारानं राहायला नीट जागा द्यावी, औषधपाणी फुकट करावं असं त्यात होतं. पण तो लागू कुणाला? राज्याची हद्द ओलांडणाऱ्याला. जालन्याची बाई बेळगावला गेली तर कायद्यानं स्थलांतरित. तीच कोल्हापूरला गेली तर नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कामगार कायदे गुंडाळून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. हद्दीची ती अट तिथंही तशीच आली.

दुसरीकडं सुट्टीचं बघा. बिहारमध्ये १९९२ पासून सरकारी नोकरीतल्या बायांना पाळीची महिन्याला दोन दिवस सुट्टी आहे. २०२५ साली कर्नाटक सरकारनं वर्षाला बारा दिवस पगारी सुट्टीचं धोरण मंजूर केलं. आमचा त्याला विरोध नाही, ज्यांना मिळाली त्यांना ती लखलाभ. पण त्याच कर्नाटकातल्या फडात आपली बाई पाळीच्या दिवशी बसली तर तिला सुट्टी नाही, दंड आहे. एकाच राज्यात, एकाच महिन्यात, एकीच्या रक्ताला पगार आणि दुसरीच्या रक्ताला खाडा.

पैसा नाही म्हणून हे होत नाही असं कुणी सांगायला आलं तर त्याला परत पाठवा. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही हंगामांत राज्यातल्या कारखान्यांनी दहा कोटी टनांच्या वर ऊस गाळला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ काढलं आहे, त्यासाठी कारखान्यांनी टनामागं दहा रुपये द्यायचे ठरले. दहा कोटी टनांवर दहा रुपये म्हणजे हंगामाला शंभर कोटी. शंभर कोटींत तळावर पत्र्याचे आडोसे उभे राहत नाहीत काय? पाण्याचे टँकर येत नाहीत काय?

आता थोडं आपल्या घरात येऊ.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात एक श्लोक आहे. कुणाला शिवलं असता आंघोळ करावी त्याची यादी आहे त्यात. चांडाळ, पाळीतली बाई, पतित, बाळंतीण आणि प्रेत. नीट बघा, दोस्तहो. आपल्या बापजाद्याला आणि पाळीतल्या बाईला एकाच दावणीला बांधलेलं आहे. दोघांवर शिक्का एकच, विटाळ. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ते पुस्तक जाळलं तेव्हा त्यातला फक्त आपल्या वाटचा अर्धा श्लोक जळला काय? पूर्ण जळला. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याच्या पाण्याला बाबासाहेबांनी हात लावला तो पाण्याची चव बघायला नव्हे. पाण्यावर हक्क कुणाचा, हा सवाल होता. त्याला आता शंभर वर्षं होतात. आणि आपल्या बाईला रक्ताचं फडकं धुवायला मळेमालकाच्या मोटारीवर हात जोडून उभं राहावं लागतं.

तरी चळवळीतल्या कितीतरी घरांत आजही भिंतीवर बाबासाहेब आणि खाली कोपऱ्यात बाई 'लांब' बसलेली. कावळा शिवला म्हणून. गावात असताना हंड्याला हात लावू देत नाहीत, चुलीजवळ येऊ देत नाहीत. पण हीच बाई फडात गेली की विटाळ कुठं जातो? पाळीच्या दिवशी कोयता धरायला विटाळ नाही. मोळी उचलायला विटाळ नाही. तिच्या हातची साखर देवाच्या नैवेद्यालाही चालते. विटाळ तेवढा हंड्याला. म्हणजे विटाळ हा धर्माचा नियम कमी आणि सोयीचा जास्त. मालकाला कामाच्या वेळी नको असतो आणि नवऱ्याला घरात पाहिजे असतो.

आपल्या पोरांच्या कवितांत काय यायचं राहिलंय? शिव्या आल्या, दारूचे गुत्ते आले, रांडांच्या गल्ल्या आल्या, गटारं आली. बाई आली ती माय म्हणून आली, नाहीतर धंदेवाली म्हणून आली. पाळीचं फडकं फारसं आलं नाही. तिथं आपले बंडखोर लाजतात. ज्या शब्दाला आपण लाजतो त्या शब्दाआड कुणाचं तरी भांडवल सुखानं वाढत असतं, एवढं ध्यानात ठेवा.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या बिलाला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विसावा मिळावा हे देशाच्या हिताचं आहे आणि ज्या मालकाला तिच्या कामाचा फायदा होतो त्याला त्या खर्चातून अंग काढून घेता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आमचं म्हणणं त्याच वाटेनं जातं. बाईचं शरीर कसं आहे हे कामाला लावताना मालकाला माहीत असतं. मग त्या शरीराला लागणारा आडोसा, पाणी आणि विसावा हा त्याच्या धंद्याचा खर्च आहे. आजवर तो खर्च बाईनं आपल्या पिशवीतून भरला. यापुढं कारखान्यानं भरावा. आम्ही दान मागत नाही. थकलेली मजुरी मागतो.

म्हणून आमच्या मागण्या लिहून घ्या.

तळ बसवण्याआधी कारखान्यानं तिथं बायांसाठी आतून कडी लागणारे आडोसे आणि संडास उभे करावेत, आणि माणशी पाण्याचा टँकर ठरवून द्यावा. कोपी पडायच्या आत हे झालं पाहिजे. फडात चाकावरचा आडोसा गाडीबरोबर न्यावा. ऊस न्यायला ट्रक जातो तर आडोसा न्यायला काय धाड भरली?

पाळीचा खाडा बंद. करारात तसं लिहून घ्यावं आणि त्या दिवसाची मजुरी धरावी.

एक कोयता ही मोजणी बंद. बाईचं नाव वेगळं, हिशोब वेगळा, ओळखपत्र वेगळं, पैसे तिच्या हातात.

पॅड आणि औषधं तळावर यावीत. ज्या गावात तळ पडला तिथल्या आशाताईकडं आणि नर्सबाईकडं त्या तळाची यादी असावी. योजना बाईच्या मागं चालावी, बाईला पत्त्याच्या खुंटीला बांधू नये.

जालना जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची तपासणी हंगामाला जाताना आणि आल्यावर, दोन्ही वेळा व्हावी. पिशवी काढलेल्या किती, त्याचा आकडा तालुकावार जाहीर करावा.

आणि पुढच्या जनगणनेसाठी सरकारनं २०२५ साली १ मार्च २०२७ ही तारीख जाहीर केली. तीही हंगामातच पडते. तळावरच्या कोपीला बेघर म्हणून वेगळं मोजा. मोजलं नाही तर देणार काय?

दोस्तहो, मागण्या छापून काही होत नाही. मुकादम वस्तीत उचल वाटायला येतो, त्या दिवशी वस्तीत हजर राहा. अंगठा उठायच्या आधी खाड्याचा सवाल काढा. नुसता नवरा अंगठा देत असेल तर बायकोला बोलवा, तिला विचारा. आपल्या गावच्या टोळ्या कुठल्या तळावर आहेत त्याची वही घाला. तळावर जाताना वस्तीतल्या शिकलेल्या पोरी, आशाताई, नर्सबाई पुढं असू द्या. बाया पुरुषाला हे सांगणार नाहीत आणि सांगायची जबरदस्तीही नको. तुम्ही हंडे भरा, पत्रे ठोका, फाटकावर मोर्चा न्या. आणि घरी गेल्यावर, ती लांब बसली असेल तर आपल्या हातानं हंडा तिच्यापुढं ठेवा. एवढंही ज्याच्यानं होत नसेल त्यानं महाडच्या गोष्टी सांगू नयेत.

यंदाची उचल वाटली जायच्या आधी ही पानं वस्तीत वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा. बायांसमोर वाचा.

जय भीम.